जस्टिन फील्ड्स: दोष पोराचा किती, संघाचा किती?

उत्तरवारा (धागाकर्ता)

शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा एके काळचा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स शिकागो सोडून गेला त्याला बराच काळ लोटला, तरी इथल्या मराठी मंडळींत बेअर्सचा विषय निघाला की गाडी त्याच्यावर येतेच. एक गट म्हणतो, पोरगं सोन्यासारखं होतं, संघाने मातीत घातलं. दुसरा म्हणतो, त्याला बॉल फेकता येतच नव्हता, पळण्यावर लोक भाळले. मला दोन्ही बोलणी अपुरी वाटतात. जेवणाच्या ताटावर हे नीट बोलून होत नाही, म्हणून धागा काढतोय.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच: क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून आक्रमण चालवणारा गडी, त्याच्या हाती बॉल आला की पुढचे पाच दांडगे गडी, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, त्याला अडीच-तीन सेकंद वाचवतात. तेवढ्यात त्याने कोणता रिसीव्हर, म्हणजे पास झेलायला पळणारा गडी, मोकळा होणार ते ओळखून बॉल सोडायचा. सुटला नाही आणि बचावफळीने त्याला बॉलसकट आडवं केलं, तर तो सॅक.

२०२१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंतून संघांनी आळीपाळीने करायच्या वार्षिक निवडीत, बेअर्सनी फील्ड्सला अकराव्या क्रमांकावर घेतलं. त्यांचा स्वतःचा क्रमांक विसावा होता. वर चढण्यासाठी त्यांनी न्यूयॉर्क जायंट्सना इतर गोष्टींबरोबर २०२२ची पहिली फेरीही, म्हणजे त्या फेरीतली आपली निवड, देऊन टाकली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. पोरगं ओहायो स्टेटचं. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला शुगर बोलमध्ये क्लेमसनविरुद्ध बरगड्यांवर जबर टोला बसल्यावरही त्याने एकूण सहा टचडाउन पास, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडे पोचवून गुण मिळवणारे पास, टाकले होते. ज्याने तो सामना पाहिला त्याला या मुलाच्या हिमतीबद्दल शंका राहिली नाही.

मग २६ सप्टेंबर २०२१, क्लीव्हलंड. अँडी डॉल्टन जखमी झाला आणि फील्ड्सला पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवलं. २० पैकी ६ पास पूर्ण, ६८ यार्ड. नऊ सॅक, त्यात ६७ यार्ड मागे. म्हणजे अख्ख्या सामन्यात पासची निव्वळ कमाई एक यार्ड. ब्राउन्सच्या एकट्या माइल्स गॅरेटच्या नावावर साडेचार सॅक लागले. बेअर्सच्या डाव्या टोकाला जेसन पीटर्स उभा होता. एके काळचा बहाद्दर गडी, पण तेव्हा ३९ वर्षांचा आणि हंगामाच्या तोंडावर करारबद्ध केलेला. कोच मॅट नॅगींनी गॅरेटवर दुसरा माणूस क्वचितच सोडला, आणि क्वार्टरबॅकजवळ मदतीला कुणीच नाही असे डाव पुन्हा पुन्हा लावले. त्या सामन्यानंतर डाव ठरवण्याचं काम बिल लेझरकडे गेलं, यातच सगळं आलं.

२०२२ त्याहून विचित्र. नवे जनरल मॅनेजर रायन पोल्स, नवे कोच मॅट एबरफ्लूस, नवे कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाचे डाव आखणारे, ल्यूक गेट्सी. बचावपटू खलील मॅकला आधीच विकलं होतं. हंगाम सुरू असताना बचावातलेच रॉबर्ट क्विन आणि रोक्वान स्मिथ गेले. संघाचा निकाल ३ विजय, १४ पराभव, शेवटचे दहा सामने सलग हरले. त्याच संघात फील्ड्स १,१४३ यार्ड पळाला. एका हंगामात हजार पार करणारा तो इतिहासातला तिसराच क्वार्टरबॅक, आधी फक्त मायकेल व्हिक आणि लमार जॅक्सन. मायामीविरुद्ध १७८ यार्ड पळून त्याने व्हिकचा नियमित हंगामातला एका सामन्याचा विक्रम मोडला. सामना ३५-३२ने हरले ते हरलेच. पळण्यात बेअर्स लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, पहिले, सामन्याला १७७ यार्ड. पासमध्ये शेवटचे, १३० यार्ड. आणि ५५ सॅक, लीगमध्ये संयुक्त सर्वाधिक.

आता माझं म्हणणं. फील्ड्समध्ये खोट होती आणि ती कॉलेजपासूनची होती. समोर मोकळा माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय बॉल त्याच्या हातून सुटत नसे. ओहायो स्टेटमध्ये ती झाकली गेली, कारण तिथे गॅरेट विल्सन आणि क्रिस ओलावे होते. दोघेही पुढच्याच वर्षी पहिल्या फेरीत गेले. असे रिसीव्हर असले की मोकळा माणूस दिसतोच. शिकागोत ते नव्हते. कुणी मोकळं होत नाही म्हणून तो थांबायचा. थांबला की लाइन फुटायची. फुटली की पळायचा. आणि पळाला की कधी कधी साठ यार्ड मिळायचे, मैदान डोक्यावर घ्यायचं. अशा वेळी पुढच्या डावात बॉल लवकर सोडायला कुठला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा शिकेल? वाईट संघाने त्याची खोट निर्माण केली नाही. तिच्यावर रोजचा सराव करून घेतला.

तुमचं काय मत?

---

चौथा_डाउन

लेख आवडला, पण संघाला फार झुकतं माप देताय. म्हणजे दोष देण्यात.

सॅक लाइनमुळे होतात ही समजूत आता मागे पडली आहे. क्वार्टरबॅक संघ बदलतो तेव्हा त्याचं सॅकचं प्रमाण बऱ्याच अंशी त्याच्याबरोबर जातं. लाइनमुळे दबाव येतो. त्या दबावाचं सॅकमध्ये रूपांतर होतं की नाही, हे बरंचसं बॉल ज्याच्या हातात आहे त्याच्यावर.

फील्ड्स पास टाकायला मागे सरकला त्यातले किती टक्के सॅक झाले ते बघा. २०२१: जवळजवळ १२. २०२२: पावणेपंधरा. २०२३: साडेदहा. लीगची सरासरी साडेसहा-सातच्या आसपास असते. तीन वर्षं, दोन कोच, बदललेली लाइन, बदललेले रिसीव्हर, आणि एकदाही सरासरीच्या जवळ नाही.

आणि टायसन बेजंट? २०२३मध्ये फील्ड्सचा अंगठा निखळला तेव्हा चार सामने हा मुलगा सुरुवातीपासून खेळला. शेफर्ड युनिव्हर्सिटीचा, दुसऱ्या श्रेणीचं कॉलेज, ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाही नव्हता. तीच लाइन, तेच रिसीव्हर, तोच गेट्सी. त्याचे सॅक हाताच्या बोटांवर मोजता येतील. चार सामन्यांत दोन विजय. फील्ड्सचे शिकागोतले एकूण: १० विजय, २८ पराभव.

---

सह्याद्रीवेडा

मी पुण्यातून हा खेळ गेल्या एक-दोन हंगामांपासून बघतोय, पहाटे उठून. एक प्रश्न विचारू का? टीव्हीवर बघताना सॅक झाला की तो लाइनचा दोष की क्वार्टरबॅकचा, हे ओळखायचं कसं? मला तर प्रत्येक वेळी धडपडत पडलेला माणूसच दिसतो.

---

उत्तरवारा

@सह्याद्रीवेडा, उत्तम प्रश्न, आणि खरं तर सगळा वाद इथेच आहे.

रीप्लेमध्ये आधी त्याचे पाय बघा. क्वार्टरबॅक मागे सरकतो, तीन किंवा पाच पावलं, आणि शेवटचं पाऊल रोवतो. चांगल्या डावात शेवटचं पाऊल पडतं आणि हात वर येतो. पाऊल पडायच्या आतच कुणी येऊन आदळलं तर दोष लाइनचा किंवा डाव ठरवणाऱ्याचा. पाऊल पडलं, मग जागच्या जागी एक उडी, दुसरी उडी, बॉल छातीशी घट्ट, नजर एकाच बाजूला, आणि मग आदळलं, तर दोष बहुतेक त्याचा. क्लीव्हलंडच्या नऊ सॅकमध्ये पहिल्या प्रकारचे भरपूर होते. २०२३मधले बरेचसे दुसऱ्या प्रकारचे.

मैदानावरचे सगळे २२ खेळाडू एकाच वेळी दिसतील असं उंचावरून घेतलेलं चित्रीकरण मिळालं तर जरूर बघा. नेहमीच्या प्रक्षेपणात रिसीव्हर चौकटीबाहेर पळून जातात, त्यामुळे कोण मोकळं होतं ते कळतच नाही.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर काही फलंदाज बॉल गोलंदाजाच्या हातातून वाचतात, काही टप्पा पडल्यावर. टप्पा पडल्यावर वाचणारा नजरेच्या आणि हातांच्या वेगावर रणजीपर्यंत सहज जातो, पुढे १४५च्या गतीला उशीर होतो. फील्ड्स टप्पा पडल्यावर वाचणारा. रिसीव्हर वळण्याआधी, तो जिथे वळणार आहे तिथे बॉल सोडायचा असतो. फील्ड्स वळल्यावर सोडतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात एनएफएलचा बचावपटू दोन पावलं जवळ आलेला असतो.

@चौथा_डाउन, आकडे मान्यच आहेत. पण बेजंटने १४३ पास टाकले, त्यात सहा बॉल प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिले आणि फक्त तीन टचडाउन. तो बॉल लवकर सोडायचा हे खरं. जवळच सोडायचा आणि कधी कधी चुकीच्या रंगाच्या जर्सीकडे सोडायचा, हेही खरं.

---

पोळपाट

आम्ही क्लीव्हलंडकर. त्या दिवशी घरात सगळे आनंदात होते, पण तिसऱ्या-चौथ्या सॅकनंतर मला खरंच त्या मुलाची काळजी वाटायला लागली. गॅरेटसमोर एकटा म्हातारा गडी ठेवायचा आणि पोराला मागे उघड्यावर उभं करायचं, हा कसला बेत? शाळेतला कोचसुद्धा मध्यंतरात बदल करेल. एखादा टाइट एंड, म्हणजे अडवू आणि झेलूही शकणारा दांडगा गडी, त्या बाजूला उभा करा, गॅरेटला आधी खांद्याने अडवू द्या. नाहीतर पोराला बाजूला पळवत नेऊन पास टाकायला लावा. यातलं कितीसं केलं?

संघाचा दोष मी तरी मोठाच धरते. पहिल्या सामन्यात नऊ वेळा आपटलेल्या माणसाच्या अंगात काय बसत असेल याचा विचार आकडे मांडताना कुणी करत नाही.

---

रानवाटा

पोळपाट, +१.

मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे. "पळतो चांगला, पण डोकं चालत नाही" हा शेरा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आलाय. वॉरन मून १९७८मध्ये ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, सलग पाच ग्रे कप (कॅनडाच्या लीगचं विजेतेपद) जिंकणाऱ्या संघात खेळला, मग एनएफएलमध्ये येऊन हॉल ऑफ फेमपर्यंत पोचला. इतकं लांब कशाला, २०१८ला लमार जॅक्सनने रिसीव्हर व्हावं असं बिल पोलियनसारखा मोठा जाणकार जाहीरपणे म्हणाला होता. पुढच्याच वर्षी जॅक्सन एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ड्राफ्टच्या आधी फील्ड्सच्या मेहनतीबद्दलही कानगोष्टी टीव्हीवर सांगितल्या गेल्या, आणि त्यांना आधार काय होता ते कुणी दाखवलं नाही.

तेव्हा "अॅथलेटिक क्वार्टरबॅक" म्हणून चर्चा सुरू केली की तिच्यात हा जुना गाळ येतो, याचं भान असावं. जॅक्सनच्या बॉल्टिमोर संघाने त्याला बदलायला बसवलं नाही, कोऑर्डिनेटर ग्रेग रोमनला हाताशी धरून अख्खी आक्रमणफळी त्याच्याभोवती उभी केली. शिकागोने फील्ड्ससाठी हे कधी केलं?

---

उत्तरवारा

@रानवाटा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. म्हणूनच मी पाय, नजर आणि बॉल सुटायची वेळ यांबद्दल बोलतोय. ज्या गोष्टी पडद्यावर बोट ठेवून दाखवता येतात त्यांवर बोलावं. "डोकं", "स्वभाव", "मेहनत" हे घरात बसून आपल्याला कळत नाही.

शिकागोने केलं का? थोडे दिवस केलं. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये काही जास्तीचे दिवस मिळाले आणि गेट्सींनी डाव बदलले. न्यू इंग्लंडविरुद्ध सोमवारी रात्री फील्ड्ससाठी मुद्दाम आखलेल्या धावा दिसू लागल्या, ३३-१४ने जिंकले. पुढे डॅलस, मायामी, डेट्रॉइट, तीनही सामन्यांत आक्रमण जिवंत होतं. डेट्रॉइटविरुद्ध ६७ यार्डांची ती धाव तुम्हाला आठवत असेल. मधल्या फळीतून शिरला, एकदा वळला, मग मागे कुणी पोचेचना. पण त्याच सामन्यात त्याचा एक पास डेट्रॉइटच्या ओकुडाने पकडून उलट टचडाउन केला आणि ३१-३०ने हरलो. एका दुपारीत अख्खा फील्ड्स दिसला.

पुढच्याच आठवड्यात अटलांटात खांदा दुखावला. पळण्यावर बेतलेल्या आक्रमणाची हीच किंमत असते, आणि ती खेळाडूच्या शरीराने मोजायची असते.

---

स्टीलनगरी

पिट्सबर्गकडून चार ओळी. १६ मार्च २०२४ला तो आमच्याकडे आला, बदल्यात काय दिलं तर सहाव्या फेरीचा एक सशर्त क्रमांक. अकराव्या क्रमांकाच्या खेळाडूची तीन वर्षांनंतरची ही किंमत. बत्तीसपैकी एकाही संघाने जास्त देऊ केलं नाही, याचा अर्थ लावा.

आणि तरी आमच्याकडे तो बरा खेळला. सहा सामने, चार विजय, पाच टचडाउन पास आणि एकच इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने पकडलेला पास. पळून आणखी पाच टचडाउन. बचाव भक्कम होता, कोऑर्डिनेटर आर्थर स्मिथने डाव साधे ठेवले, फील्ड्सला सामना एकट्याने ओढायचा नव्हता. कोच टॉमलिननी तरीही त्याच्या जागी रसेल विल्सनला आणलं. कारण सामन्यात मागे पडलो आणि सगळ्यांना ठाऊक आहे की आता पासच येणार, की तेच जुनं चित्र. चांगल्या संघात त्याचा दोष झाकला गेला. गेला नाही.

---

जर्सीकर

आमच्या जखमेवर मीठ चोळायला धागा काढलात का? 🙂 असो, न्यूयॉर्क जेट्सवाल्यांचंही ऐका.

मार्च २०२५मध्ये जेट्सनी त्याच्याशी दोन वर्षांचा, चार कोटी डॉलरचा करार केला. पहिल्या सामन्यात, तेही पिट्सबर्गविरुद्ध, तो इतका छान खेळला की आम्ही हरूनही खूश होतो. मग लंडन, १२ ऑक्टोबर, डेन्व्हरविरुद्ध. आकडे वाचा आणि उत्तरवारांचा क्लीव्हलंडचा परिच्छेद पुन्हा वाचा. नऊ सॅक. ४५ यार्डांचे पास, सॅकमध्ये ५५ यार्ड मागे. निव्वळ कमाई उणे दहा.

आणि ही लाइन टाकाऊ नव्हती. दोन्ही टोकांना पहिल्या फेरीतले तरुण टॅकल (लाइनच्या टोकाचे गडी), फशानू आणि मेंबू. गॅरेट विल्सन, म्हणजे कॉलेजातला त्याचाच रिसीव्हर, समोर होता, तो त्याच सामन्यात गुडघा दुखावेपर्यंत. क्लीव्हलंडला पहिला सामना खेळणारा पोरगा होता. लंडनमध्ये पाचव्या वर्षाचा गडी होता. पहिल्याला मी संघाच्या खात्यात टाकेन, दुसऱ्याला नाही टाकू शकत. नोव्हेंबरात त्याच्या जागी टायरॉड टेलर खेळू लागला.

एवढं मात्र सांगतो, आमच्या मालकांनी ऑक्टोबरात जाहीरपणे क्वार्टरबॅकवर खापर फोडलं ते मला मुळीच आवडलं नाही. त्यानंतरच्याच रविवारी सिनसिनाटीत त्याने ३९-३८ने पहिला विजय मिळवून दिला. पोरगं कधी कुणाबद्दल वाकडं बोललं नाही.

---

चौथा_डाउन

जर्सीकरांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. चार आक्रमण पद्धती, तीन संघ, एकच चित्र.

---

रानवाटा

मग केलेब विल्यम्सचं काय? २०२४मध्ये त्याच बेअर्सचा, ड्राफ्टमधला पहिला क्रमांक. ६८ सॅक! तुमच्याच पद्धतीने काढलं तर पावणेअकरा टक्के, म्हणजे फील्ड्सच्या २०२३पेक्षा किंचित जास्तच. पाच विजय, बारा पराभव. तेव्हा तर सगळे म्हणत होते की लाइन वाईट, कोच वाईट. एबरफ्लूस हंगाम संपायच्या आत गेले. एकाला सबब लागू होते, दुसऱ्याला का नाही?

---

चौथा_डाउन

@रानवाटा, मुद्दा बिनतोड आहे, त्याला उत्तर देणं भागच आहे. २०२५मध्ये नवे कोच बेन जॉन्सन आले, लाइनच्या मधल्या तीन जागांवर थूनी, डॅलमन आणि जॉना जॅक्सन असे तीन नवे गडी आले, आणि विल्यम्सचे सॅक निम्म्याहून खाली आले. लाइनमुळे आले असं तुम्ही म्हणाल. काही अंशी हो. पण विल्यम्स स्वतःही बदलला. अंगाशी आलं की बॉल मैदानाबाहेर भिरकावून द्यायला तो शिकला. फील्ड्सलाही २०२३मध्ये रिसीव्हर डीजे मूर मिळाला, लाइनमध्ये डार्नेल राइट मिळाला. त्याचं प्रमाण चार टक्क्यांनी उतरलं आणि तिथेच थांबलं.

---

उत्तरवारा

इथे मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण दोघांच्या मधे माझं म्हणणं पडतं.

विल्यम्सला जॉन्सन दुसऱ्या वर्षी मिळाले. जॉशुआ अॅलनचं उदाहरण घ्या, ज्याला आपण जॉश म्हणतो. २०१८मध्ये बफलोत त्याचे पास ५३ टक्केही पूर्ण होत नव्हते, टचडाउन दहा आणि इंटरसेप्शन बारा. तोही दांडगा, तोही पळणारा, त्याच्याबद्दलही "याला फेकायचं कळत नाही" असंच म्हणत. २०२०मध्ये ६९ टक्के. मधे काय झालं? ब्रायन डेबॉल हा एकच कोऑर्डिनेटर चार वर्षं राहिला. लाइन बदलली, मग रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज आला. त्या काळात कोच शॉन मॅकडर्मॉटही कायम होते. अॅलनने मेहनत घेतली हे तर आहेच, पण ती कुठल्या दिशेने घ्यायची ते दरवर्षी बदललं नाही.

फील्ड्सला २०२१मध्ये नॅगी मिळाले, ज्यांची नोकरी त्याच वर्षावर टांगलेली होती. ठरलं होतं डॉल्टन खेळेल, पोरगं बघून शिकेल. तिसऱ्या आठवड्यात तो बेत मोडला. जानेवारीत नॅगी आणि ज्यांनी फील्ड्सला निवडलं ते रायन पेस, दोघेही घरी. नवी माणसं आली, त्यांनी त्याला निवडलेलं नव्हतं. आता सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेली पहिली फेरी. बेअर्स इतके वाईट खेळले की ती फेरी सातव्या क्रमांकाची झाली, आणि जायंट्सनी तीवर टॅकल घेतला. बेअर्सकडे उरली दुसरी फेरी. तिथे दोन निवडी होत्या आणि दोन्ही बचावपटूंवर गेल्या, कायलर गॉर्डन आणि जॅक्वान ब्रिस्कर. वाईट खेळाडू नव्हेत. पण लीगमधल्या सर्वांत उघड्या क्वार्टरबॅकसाठी त्या वर्षी पहिल्या दोन फेऱ्यांत ना लाइनचा माणूस आला, ना रिसीव्हर. मग नोव्हेंबरच्या तोंडावर रिसीव्हर चेस क्लेपूलसाठी पुढच्या वर्षीची दुसरी फेरी उधळली, तीही बत्तिसाव्या क्रमांकाची निघाली.

यात पोल्स यांची बाजूही आहे. त्यांना घर पाडून बांधायचं होतं आणि बांधलंही. पहिल्या क्रमांकाचा कॅरोलायनाशी केलेला सौदा अप्रतिम होता, मूरही त्यातूनच आला आणि विल्यम्सही. पण घर पाडण्याचं वर्ष फील्ड्सचं शिकण्याचं वर्ष होतं. ते त्याला परत मिळणार नव्हतं.

२०२३च्या सप्टेंबरात तो पत्रकारांसमोर म्हणाला की आपण यंत्रमानवासारखं खेळतोय, फार विचार करतोय, आणि कारण कदाचित कोचिंग असेल. मोठा गहजब झाला. त्याच दिवशी त्याने सावरून घेतलं. मला ते अतिशय प्रामाणिक वाटलं होतं. आतापर्यंत डोळ्यांनी बघून खेळलेल्या मुलाला तुम्ही वर्षभर पळायला लावता, आणि तिसऱ्या वर्षी म्हणता की आता पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनच्या आडोशाला, उभा राहून वेळेवर सोड. मग तो मोजून खेळणारच. दोन आठवड्यांच्या आतच डेन्व्हरविरुद्ध ३३५ यार्ड, चार टचडाउन, २८-७ची आघाडी. आणि शेवटी त्याच्या हातून सुटलेला बॉल डेन्व्हरने उचलून टचडाउन केला, शेवटचा पासही त्यांच्याच हातात गेला, ३१-२८ने हरले. चारच दिवसांनी वॉशिंग्टनला पुन्हा चार टचडाउन, मूरचे एकट्याचे २३० यार्ड, आणि मोठा विजय. वेळेवर सोडलेले पास त्याच्या हातात नव्हते असं हे सामने बघून कुणी म्हणू नये. ते रोज येत नव्हते, आणि रोज येणं हेच त्या जागेचं काम आहे.

---

सह्याद्रीवेडा

म्हणजे २०२४ला त्याला सोडलं ते चूक की बरोबर?

---

उत्तरवारा

बरोबर. पहिला क्रमांक हातात होता, विल्यम्स समोर होता, आणि फील्ड्सला ठेवलं असतं तर वर्षभरातच मोठ्या पगाराचा प्रश्न उभा राहिला असता. ३८ सामन्यांत सुरुवात केलेल्या आणि तरीही दहापैकी एका पासच्या वेळी आडव्या होणाऱ्या क्वार्टरबॅकवर मी तरी पैज लावली नसती.

माझी तक्रार २०२४ची नाही, २०२१ आणि २०२२ची आहे. डॉल्टन जखमी झाल्यावरही निक फोल्स संघात होता. सुपर बोल जिंकलेला माणूस. त्या लाइनमागे गॅरेटसमोर त्याला उभं करून पोराला निदान महिनाभर वाचवता आलं असतं.

---

स्टीलनगरी

फोल्सचं विसरलोच होतो. पण खरं सांगा, सोल्जर फील्डवर, म्हणजे बेअर्सच्या घरच्या मैदानावर, लोकांनी ते चालवून घेतलं असतं? ऑगस्टपासून सगळं शहर फील्ड्सचं नाव घेत होतं.

---

उत्तरवारा

नसतं चालवून घेतलं. पहिल्या घरच्या सामन्यात डॉल्टन असताना लोक फील्ड्सच्या नावाने ओरडत होते. कोचला पगार मिळतो तो अशा वेळी लोकांचं न ऐकण्याचा.

---

जर्सीकर

हे वाक्य आमच्या संघाच्या कचेरीत पाठवतो. आमच्याकडे पुढचा तरुण क्वार्टरबॅक येईल तेव्हा आधी लाइन आणि एकच कोऑर्डिनेटर तीन वर्षं, एवढं जरी झालं तरी मी खूश.

---

चौथा_डाउन

आणि मी त्याच्या पहिल्या वर्षी फक्त बॉल सुटायची वेळ मोजत बसणार. सव्वातीन सेकंदांच्या वर सतत गेली की इथेच नवा धागा काढतो.

---

पोळपाट

काढा. पण त्याच्यासमोर गॅरेट असेल तर दोन माणसं लावलीत का, तेही त्यात लिहा.